डावी उखळी

अमरावती, ९ जानेवारी १९३३

चांदूर बाजारचा नकार आला. हा तिसरा. निरोप आणणारे भटजी ओसरीवर बसले, गूळपाणी घेतलं आणि म्हणाले, "योग नाही." योग कसला डोंबलाचा! माझा डावा पाय म्हणा की सरळ. बाबा "बरं" म्हणाले, टोपी घातली आणि शाळेत गेले. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, कुसूमकडे पाहिलं. कुसूम धाकटी, तिला पंधरावं लागलंय, आणि माझं झाल्याशिवाय तिचं काढता येत नाही. मला एकोणीस. घोडनवरी.

वाईट वाटलं का? थोडं. पण चांदूरच्या मुलाचे दात फार पुढे होते.

दुपारी दर्यापूरहून आत्या आली, तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. बाबांची थोरली बहीण. पाय धुवायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, आता तू गप रायजो. या पोट्टीचं मी पाहते."

११ जानेवारी

शाळेत बाबांचे सांधे सुरू झालेत. दर वर्षी याच सुमारास शरीरशास्त्रात सांधे येतात आणि आठ दिवस आमच्या घरातली कवाडं, उखळ, जातं सगळं बोलायला लागतं. इंग्रजी पुस्तकातली नावं बाबांना चालत नाहीत. पोराला घरात दिसेल असं नाव पाहिजे, म्हणतात. गुडघा आणि कोपर बिजागरीचे. कवाडासारखे उघडतात आणि मिटतात, बाकी काही नाही. खांदा आणि मांडी उखळीचे. खोलगट उखळीत गोल मुसळ, फिरवा कुठंही. मान म्हणजे जातं. एका मणक्याचा खिळा वर आलेला, दुसरा त्याच्याभोवती फिरतो, म्हणून आपल्याला "नाही" म्हणता येतं. "हो" म्हणायचा सांधा वेगळा, त्याच्याही वर, कवटीला लागून. मनगटातले गोटे नुसते सरकतात. कवटीला शिवण असते, ती हलतच नाही.

शब्द आधी माझ्यावर तपासतात. मला कळला तर वर्गात जातो.

हे सगळं मी सहाव्या वर्षी शिकले, खाटेवर. ताप आला, डावी मांडी सुजली, पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी खाटेवरच. ताप उतरला तेव्हा डाव्या उखळीत मुसळ घट्ट बसलेलं. तो पाय जरा आखूड राहिला. चालताना अंग डावीकडे झुकतं आणि मांडी घालून बसता येत नाही. जेवायलासुद्धा पाय लांब करून बसते. तेव्हा बाबांनी माझी बोटं, मनगट, कोपर, घोटे, एकेक सांधा हलवून दाखवला होता. "पाहा, हा चालतो. हाही चालतो. एकच बसलाय." आणि एक वाक्य पाठ करून घेतलं. कुणी विचारलं तर रडायचं नाही, लाजायचं नाही, सांगायचं: माझी डावी उखळी बसली आहे, बाकी सगळं चालतं.

तेव्हापासून हेच सांगत आले. शाळेत, लग्नाकार्यात, अंबादेवीच्या देवळात. लोक आधी गोंधळतात, मग हसतात, मग विषय संपतो. बाबांनी मला दिलेली ही सगळ्यात चांगली वस्तू.

१६ जानेवारी

राजापेठेत हळदीकुंकू. आत्या, कुसूम, मी. तिथे एक नवीन बाई आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "पायाले काय झालं वो?" मी वाक्य सांगितलं. त्या हसल्या, मीही हसले. आत्याने दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

घरी येताना: "तुले कोनं म्हटलं होतं सांगाले? काहून गावभर दवंडी पिटून राहिली?"

मी म्हटलं, "दिसतंच की आत्या."

"दिसते ते दिसू दे. तू तोंडानं नको सांगू. लोक अर्धं पाह्यतात आन् अर्धं विसरतात. तू त्याईले विसरू देत नाही."

बाबांना सांगितलं. वाटलं, आता ते आत्याला चांगलं सुनावतील. "हं," म्हणाले आणि कंदिलाची काच पुसत बसले. काच पुसणं माझं काम आहे.

१८ जानेवारी

अकोल्याचं स्थळ आहे. बाप वकील, मुलगाही वकील, बापाच्या हाताखाली काम शिकतो. शिकलेली, वाचणारी मुलगी हवी आहे. आत्याच्या नणंदेची ओळख. पौष सरला की बोलावतील.

मी विचारलं, "पायाचं सांगितलंय?"

आत्या शेंगा सोलत होती. "आमी सांगू," म्हणाली. मग बाबांकडे पाहिलं. बाबा खाली पाहत होते. क्षणभर शंका आली. पण बाबांबद्दल असं काही मनात येईल अशी माझी घडणच नाही.

२२ जानेवारी

रविवार. जेवणं झाल्यावर बाबांनी मागच्या अंगणात बोलावलं. "इंदू, जरा चालून दाखव." चालले. ते मान तिरकी करून पाहत होते, वर्गात एखाद्याचं चुकलेलं गणित पाहतात तसे. मग म्हणाले, "आता घोटा मुरगळलाय असं समजून चाल."

मला वाटलं, वर्गासाठी काहीतरी आहे. चालले. ते म्हणाले, "चूक. मांडी धरली की अंग झुकतं. घोट्याला अंग झुकत नाही. घोट्याला पाऊल आखूड पडतं, टाच टेकवत नाहीत, गुडघा थोडा वाकवून ठेवतात." आणि स्वतः धोतर सावरून अंगणभर लंगडून दाखवलं. इतकं हुबेहूब! मी तुळशीच्या कट्ट्याला धरून हसले. कुसूमही हसली. बाबा मात्र हसत नव्हते.

"बाबा, हे कशाला?"

"अकोल्याला पायाला पट्टी बांधून जायचं. चार दिवसांपूर्वी पायरीवरून घसरलीस, घोटा मुरगळला. म्हणजे खुर्चीवर बसवतील, पाटाचा प्रश्न येणार नाही. आणि चाल थोडी वाकडी असली तरी..." 

 हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढायचंसुद्धा सुचलं नाही.

२४ जानेवारी

तालीम रोज. बाबा शाळेतून आले की अंगण. "टाच उचल. अंग सरळ. झुकलीस, पुन्हा." माझी मांडी वळतच नाही तर अंग सरळ कसं राहणार? हे त्यांना माहीत नाही? त्यांनीच शिकवलं मला हे. आता तेच ज्ञान घेऊन माझ्या मागे लागलेत. दोन्ही गुडघे, कंबर, सगळं ठणकतंय. ज्या मांडीला काही नाही असं दाखवायचं ती दुखते, आणि ज्या घोट्याला दुखतंय म्हणायचं तो ठणठणीत आहे.

आईला विचारलं, "तुला पटतं हे?" ती ज्वारी पाखडत होती. हात थांबला नाही. "कुसूम आहे मागं," म्हणाली. नंतर आत जाऊन माझ्यासाठी तेल गरम करून आणलं. मी मात्र चोळून घेतलं नाही, परत पाठवलं. चूक केली. फार दुखतंय.

२६ जानेवारी

आज स्पष्ट विचारलं. "तुम्हीच म्हणायचात ना, जे आहे ते सांगायचं?"

बाबा म्हणाले, "तीन ठिकाणी सांगितलं. तिन्ही ठिकाणी पाणी पिऊन उठले. आता मला मास्तर राहू देऊ नकोस, पोरीचा बाप होऊ दे."

"मग इतकी वर्षं कोण होतात?"

 आत्या मधे पडली, "बापाशी असं बोलतात का वो?" मी आत गेले. खूप रडले. चांदूरच्या नकाराला इतकं रडले नव्हते. त्यांना मी नको होते, ठीक आहे, परकी माणसं. बाबांना मी जशी आहे तशी चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं.

३० जानेवारी

काल अकोला. आज लिहिते, काल हात धजला नाही.

बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो. आत्याच्या नणंदेकडे हातपाय धुतले, मग पट्टीचा सोहळा. जुन्या धोतराची पट्टी, आंबेहळदीचा लेप. आत्याने लेप घेतला आणि सरळ उजव्या पायाला फासायला बसली. बाबा ओरडले, "डावा! अक्का, डावा! उजव्याला पट्टी आणि झुकते डावीकडे, शेंबडं पोरसुद्धा ओळखेल." आत्या म्हणे, "माय वो, मले काय ठाव!" मग बाबांनी स्वतः बांधली. घोट्याखालून दोन वेढे, वर तिरका एक, बाजूला गाठ. माझ्या पायाशी बसून, मांडी घालून. मी त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहत होते. नुसता संताप आला होता.

वकिलांचं घर मोठं, दिवाणखान्यात गादी आणि तक्के. मुलाच्या आईने पाट मांडला होता. बाबा घाईने म्हणाले, "पायरीवरून घसरली हो, घोटा मुरगळलाय." मग खुर्ची आली. मुलाची आई म्हणाली, "बरं बाप्पा, पन पोरगी बसते कशी, उठते कशी, ते तं पाह्यलंच पाहिजे ना." बाबा म्हणाले, "पाहाल, पाहाल. बरा झाला की पाहाल."

आणि मुलगा. दिसायला साधा, दात बरे. तो उठला, कोपऱ्यातला चौरंग उचलून आणला आणि माझ्या डाव्या पायाशी ठेवला. "पाय वर ठेवा, लोंबता राहिला तर सूज वाढते." त्याची आई ओरडली, "अरे, देवाचा चौरंग पायाखाली?" तो म्हणाला, "देवाले घोटा दुखायचं ठाव असंन, आई." सगळे हसले. मी चौरंगावर पाय ठेवला. त्याने विचारलं, "फार दुखतो का?"

मी मान हलवली. होकाराची. त्या एका सांध्यावर काल माझा सगळा दिवस गेला.

मोठे वकील म्हणाले, "घोट्याची उखळी सरकली असंन."

आणि बाबा, सवयीने, वर्गात असल्यासारखे: "छे छे, घोट्याला उखळी नसते वकीलसाहेब. उखळी खांद्याला आणि मांडीला."

म्हणाले आणि गप्प झाले. चेहरा एकदम लाल. मला वाटलं, आता सांगतील. तोंडाशी आलंच आहे, शब्दही त्यांचाच आहे, फक्त पुढचं एक वाक्य. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. इतकी आशा मी कुठल्याही मुलाकडून केली नव्हती.

बाबांनी कप उचलला. "चहा छान झालाय," म्हणाले.

माझा विश्वास तिथे गेला. अंगणात नाही, पट्टी बांधताना नाही, तिथे.

३ फेब्रुवारी

अकोल्याचा होकार. आत्याने देवापुढे साखर ठेवली. कुसूम नाचली, तिचा काय दोष. बाबा संत्र्यांची करंडी घेऊन आले, एक सोलून माझ्यापुढे धरलं. लहानपणी खाटेवर असताना असंच सोलून, शिरा काढून द्यायचे. मी घेतलं नाही. कुसूमने खाल्लं.

मी विचारलं, "लग्नात पाटावर बसायचंय. तेव्हा?"

"तेव्हा पुन्हा दुखेल म्हणू."

"आणि नंतर? जन्मभर घोटा मुरगळलेलाच?"

आत्या म्हणाली, "एकदा अक्षता पडल्या का मंग कोन काय करते? पदरी पडलेली पोट्टी कोनी टाकून देत नाही."

बाबांनी "अक्का!" म्हटलं, पण तेवढंच.

टाकणार नाहीत कदाचित. पण तो माणूस एक दिवस चौरंगाकडे पाहील आणि मग माझ्याकडे पाहील. ते मी कसं सोसायचं, याचा विचार यांच्यातल्या एकानेही केलेला नाही. फसवणार हे, आणि फसवी म्हणून राहणार मी.

६ फेब्रुवारी

बाबांशी बोलत नाही. ताट वाढते, कंदील लावते, बोलत नाही.

संध्याकाळी ते ओसरीवर उद्याचा पाठ काढत होते. नेहमीसारखं आत विचारलं, "इंदू, अंगठ्याला खोगिरी सांधा म्हणू का खोगिराचा सांधा? कोणता लवकर कळेल?"

खोगिराचा. मला लगेच कळलं होतं. मुलांना खोगीर दिसतं, खोगिरी दिसत नाही. उत्तर दिलं नाही.  मग टाक खाली ठेवल्याचा आवाज आला.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

९ फेब्रुवारी

अकोल्याहून निरोप. मुलाच्या आईला साखरपुड्याआधी एकदा ओटी भरायची आहे. "आता घोटा बरा झाला असंन, पोरगीले चालत येऊ द्या." बाई हुशार आहे. मला ती आवडायला लागली आहे.

घरात धांदल. आत्या: "पुन्हा मुरगळला म्हना." बाबा बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. मग म्हणाले, "हो. पुन्हा मुरगळला. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, हे शास्त्रातही आहे."

शास्त्र! मी उठून आत गेले, उगाच भांडी घासली. घासलेलीच होती.

आई मागे आली.  "तुझ्या मनात काय आहे?" मी म्हटलं, "तुम्ही कुणी विचारलंत कधी?" तिने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "मुलगा चांगला वाटतो गं." वाटतो. तेच तर. वाईट असता तर मी खुशाल फसवला असता.

अकोला, १२ फेब्रुवारी

आत्याच्या नणंदेकडे मागच्या खोलीत बसले आहे. बाबा टांगा आणायला गेलेत. ही वही पातळांच्या घडीत घालून आणली.

येताना गाडीत बाबा समोर बसले होते. बोरगावच्या पुढे कापसाच्या गाड्यांची रांग दिसली, तेव्हा काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पूर्वी मी विचारलं असतं.

आत्याने लेप उगाळून वाटी आणि पट्टी माझ्या हाती दिली. "आता तुले येते ना? बांध तूच. मी जरा केस विंचरून घेते म्हटलं तं वेळच नाई." आणि गेली.

बांधली. घोट्याखालून दोन वेढे, वर तिरका एक, बाजूला गाठ. बाबांनी बांधली होती अगदी तशी. उजव्या पायाला.

तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. चारचौघांत बाबांना खोटं पाडणं मला जमणार नाही, कितीही राग असला तरी. पण चाल माझी आहे. अंगणातली तालीम मी विसरणार आहे. जशी चालते तशी चालेन, अंग डावीकडे झुकेल, पट्टी उजवीकडे असेल. चौरंग ज्याने ठेवला त्याने कोणत्या पायाशी ठेवला हे त्याला आठवत असलं, तर तो विचारेल. आणि त्याने विचारलं तर माझं वाक्य मला पाठ आहे.

आठवत नसलं, तर मग...

कुसूमचं काय होईल? ती डोळ्यांपुढे आली की हात गाठ सोडायला जातो. दोनदा गेला. सोडली नाही.

आत्ताच बाबा येऊन गेले. दारात उभे राहिले, माझ्या पायाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील, "डावा!" म्हणून. म्हणाले, "बांधलीस? गाठ बरी जमलीय." आणि वळून बाहेर गेले.

त्यांना दिसलं नाही? माझा कोणता पाय, हे बाबा विसरले? की दिसलं आणि गेले? वळताना त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता, थोडा वेळ तिथेच राहिला. यावरून काय समजायचं मला कळत नाही. महिन्यापूर्वी बाबांच्या मनातलं मी ते पाठमोरे असतानाही ओळखत होते.

टांगा आलाय. आत्या ओरडते आहे, "इंदे, चाल लवकर! आन् त्याईच्या उंबऱ्यात उजवा पाय पहिले टाकजो वो!"

टाकते.